लपायला जागा असलेलं घर

इंगमार बर्गमन यांचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' हा स्वीडिश सिनेमा दोन मापांत मिळतो. थिएटरसाठीची आवृत्ती १८८ मिनिटांची, म्हणजे तीन तासांहून थोडी जास्त. टीव्हीसाठी केलेली मोठी आवृत्ती ३१२ मिनिटांची, म्हणजे पाच तासांच्याही पुढे जाणारी. कुणालाही 'हा सिनेमा बघा' म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "एवढ्या वेळात होतं तरी काय?" प्रश्न रास्त आहे. मोठ्या आवृत्तीत सुरुवातीचा जवळजवळ दीड तास एक खानदानी कुटुंब नाताळ साजरा करतं, बस्स. लोक जेवतात, नाचतात, भांडतात, रडतात, झोपतात. कथा म्हणावी असं काही अजून सुरूच झालेलं नसतं.

मी सिनेमाचा समीक्षक नाही. सांगलीत बँकेतली नोकरी सांभाळून हौशी नाटकांचे दिवे लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मिठाच्या पाण्याचे डिमर, पत्र्याच्या डब्यांचे घरगुती स्पॉट, जिलेटिनचे चुरगळलेले कागद ही आमची आयुधं. त्यामुळे कुठलाही सिनेमा बघताना माझी नजर आधी उजेडावर जाते आणि मग माणसांवर. या सिनेमाशी माझी ओळख फिल्म सोसायटीच्या खेळात झाली ती छोट्या आवृत्तीतून. मोठी आवृत्ती पुढे घरी बघितली, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर थोडी थोडी. बायको बरोबर बसायची. सिनेमातली मुलं बिशपच्या घरी राहायला गेली त्या रात्री ती म्हणाली, "अहो, या घरात पोरांना लपायला जागाच नाही की." इतकी वर्षं नटांच्या तोंडावर उजेड टाकत आलेल्या माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. त्या वाक्याचा धागा धरून मी हा सिनेमा पुन्हा बघितला, आणि तो धागा शेवटपर्यंत तुटला नाही. इथे तोच उलगडून दाखवतो.

थोडक्यात गोष्ट

काळ आहे १९०७ चा नाताळ आणि त्यानंतरची दीड-दोन वर्षं. स्थळ स्वीडनमधलं उप्साला, विद्यापीठाचं आणि मोठ्या कॅथीड्रलचं गाव. तिथे एकडाल कुटुंबाचं स्वतःचं नाट्यगृह आहे. कुटुंबाची प्रमुख हेलेना, एकेकाळची नामवंत अभिनेत्री, आता आजी. तिला तीन मुलगे. थोरला ऑस्कर नाट्यगृह चालवतो. नट म्हणून तो बेताचाच आहे, पण माणूस सोन्यासारखा. त्याची बायको एमिली रूपवान अभिनेत्री. दुसरा कार्ल, प्राध्यापक. तो कर्जात बुडालेला आहे आणि आपल्या जर्मन बायकोचा, लिडियाचा, रोज अपमान करतो. तिसरा गुस्ताव अडॉल्फ हॉटेलमालक. खाणंपिणं, गाणं आणि बायका यांवर त्याचं सारखंच प्रेम. ऑस्कर आणि एमिलीची मुलं म्हणजे दहा वर्षांचा अलेक्झांडर आणि त्याची धाकटी बहीण फॅनी.

'हॅम्लेट'ची तालीम चालू असताना ऑस्कर रंगमंचावरच कोसळतो आणि थोड्याच वेळात जातो. एमिली दुःखात असताना शहराचा बिशप एडवर्ड व्हेर्गेरूस तिला धीर देतो. पुढे ती त्याच्याशी लग्न करते आणि मुलांना घेऊन त्याच्या घरी जाते. ते घर तुरुंगासारखं निघतं. इसाक याकोबी हा ज्यू सावकार आजीचा जुना प्रियकर आणि आता जिवाभावाचा मित्र. तो मुलांना तिथून पळवून आपल्या दुकानात लपवतो. शेवटी बिशपचा जळून मृत्यू होतो आणि सगळे पुन्हा एकडालांच्या घरी येतात. सगळी कथा एवढीच. शेवट आधी सांगितला म्हणून हळहळू नका. या सिनेमाची खरी मजा पुढे काय होणार यात नाहीच.

पहिलं घर: लाल पडदे आणि टेबलाखालची जागा

सिनेमा सुरू होतो तो एका खेळण्यातल्या नाट्यगृहावर. कागदी देखावे, समोर फूटलाइटच्या जागी मेणबत्त्यांची रांग. मागचा देखावा वर जातो आणि त्यामागे अलेक्झांडरचा भलामोठा चेहरा दिसतो. मग तो पोरगा रिकाम्या घरातून एकेकाला हाका मारत फिरतो. कुणी ओ देत नाही. आजीच्या घरात येऊन तो मोठ्या टेबलाखाली शिरतो आणि तिथून बघत राहतो. घड्याळाची टिकटिक वाढत जाते. कोपऱ्यातली संगमरवरी स्त्री हळूच हात हलवते. जाड पडद्यांमागून कुणीतरी कोयता ओढत नेतंय असं दिसतं. तोच मोलकरीण शेगडीत कोळसा ओतते, खडखडाट होतो आणि सगळं पूर्ववत. आजी विचारते, पत्ते खेळायचे का?

ही सुरुवातीची काही मिनिटं नीट बघितली की सिनेमा कसा बघायचा ते कळतं. मूल कुठे बसलंय, तिथून त्याला काय दिसतंय, तिथे उजेड किती आहे, एवढंच बघायचं. एकडालांचं घर कलादिग्दर्शक अ‍ॅना आस्प यांनी असं रचलंय की प्रत्येक खोलीत दडायला चार जागा आहेत. भारी लाल पडदे, गालिचे, कुंड्यांतली झाडं, खुर्च्यांच्या पाठी, दुसऱ्या खोलीत उघडणारी दारं. आमच्या लहानपणी वाड्यात कणगीमागे, माळ्यावर, माजघरातल्या गाद्यांच्या चळतीत पोरं तासन् तास गडप व्हायची आणि मोठ्यांचं नको ते बोलणं कानावर पडायचं, तसंच हे घर.

या घरातला उजेडही तसाच आहे. एक मोठा दिवा सगळी खोली उजळतोय असं कुठे होत नाही. मेणबत्त्या, तेलाचे दिवे, नाताळाच्या झाडावरचे दिवे, शेगडीतला जाळ असे पन्नास छोटे उगम. उगम अनेक असले की सावल्याही अनेक पडतात, आणि प्रत्येक सावली म्हणजे कुणाची तरी खासगी जागा. रंगमंचावर हे साधायचं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या हातात चार दिवे असायचे. त्यातला एक जरी जास्त झाला तरी नाटकातलं घर दुकानासारखं दिसायचं.

नाताळच्या रात्रीचा तो प्रदीर्घ भाग यासाठीच हवा. मालक आणि नोकर त्या रात्री एका टेबलाशी जेवतात. मग हात धरून सगळ्यांची साखळी गात गात खोल्याखोल्यांतून धावते. त्या धावपळीत कॅमेरा आपल्याला सगळं घर फिरवून आणतो. कार्लकाका मुलांना जिन्यात नेऊन, पादून मेणबत्त्या विझवण्याचा खेळ करून दाखवतो. पोरं हसून लोळतात. थोड्याच वेळाने तोच कार्ल गारठलेल्या खोलीत बायकोला घालूनपाडून बोलतो. गुस्ताव अडॉल्फ माय नावाच्या तरुण दाईच्या खोलीत शिरतो आणि तिथला पलंगच मोडतो. त्याच्या बायकोला, आल्माला, हे सगळं माहीत आहे. आजी आणि इसाक पहाटेच्या चर्चला जायची वेळ होईपर्यंत जागत बसतात. आजी रडते, डोळे पुसते, पुन्हा चेहरा ठाकठीक करते.

म्हणजे हे घर गोडगोड नाही. इथे फसवणूक आहे, कर्ज आहे, लाचारी आहे. फक्त प्रत्येकाला आपली लाज झाकायला एक कोपरा मिळालेला आहे. कार्ल दारूत लपतो, गुस्ताव अडॉल्फ मौजमजेत, आजी अभिनयात, ऑस्कर नाटकात. नाताळच्या खेळानंतर ऑस्कर आपल्या नटमंडळींपुढे एक छोटं भाषण करतो. नाट्यगृहाच्या जाड भिंतींआड एक छोटं जग आहे, ते बाहेरच्या मोठ्या जगाचं कधी प्रतिबिंब दाखवतं, तर कधी घटकाभर ते विसरू देतं, असा त्याचा आशय. बोलताना त्याचा गळा दाटतो आणि तो ओशाळतो. मोठा नट नसलेल्या माणसाचं नाटकावरचं प्रेम म्हणजे काय, ते हौशी रंगभूमीवर राबलेल्या कुणालाही त्या एका प्रसंगात कळेल.

मोठ्या आवृत्तीत त्याच रात्री आणखी एक प्रसंग आहे. ऑस्कर मुलांच्या खोलीत येतो, तिथली एक साधी लाकडी खुर्ची उचलतो आणि ती चीनच्या सम्राज्ञीची खुर्ची आहे, हजारो वर्षांची आहे, तिच्या आतून उजेड येतो अशी गोष्ट रचून सांगतो. पोरं डोळे विस्फारून बघतात. छोट्या आवृत्तीतून ही गोष्ट गळाली आहे. बापाने मुलाला दिलेली एकमेव इस्टेट हीच होती, त्यामुळे छोटी आवृत्ती बघणाऱ्याला अलेक्झांडरला बापाकडून नेमकं काय मिळालं ते निम्मंच कळतं.

दुसरं घर: पांढऱ्या भिंती

दुसऱ्या घरात शिरण्याआधी ऑस्करच्या मृत्यूचा प्रसंग बघा. मरणारा बाप मुलाला जवळ बोलावतो आणि मुलगा घाबरून लपायला बघतो. रात्री कुणाच्या तरी किंकाळ्यांनी दोघं भावंडं जागी होतात. दाराच्या फटीतून त्यांना दिसतं, की वडिलांच्या शवाशेजारी आई येरझाऱ्या घालत ओरडतेय. कॅमेरा आत जात नाही. मुलांबरोबर फटीशीच थांबतो. एमिलीचं दुःख दाखवायला त्या अरुंद पट्टीपलीकडे काही लागत नाही. पुढे अंत्ययात्रेत अलेक्झांडर पावलागणिक घाणेरड्या शिव्या पुटपुटत चालतो. लपायचं ठिकाण नसेल तेव्हा मूल तोंडातल्या तोंडात लपतं.

मग येतो बिशप. लग्नाच्या आधीच तो एमिलीला अट घालतो, की आपल्या घरी येताना जुन्यातलं काही आणायचं नाही. कपडे नाहीत, दागिने नाहीत, मुलांची खेळणीसुद्धा नाहीत. जणू नुकतं जन्माला आल्यासारखं यायचं. आणि त्या घराचं दार उघडलं की पडद्यावरचा लाल रंगच नाहीसा होतो. उघड्या भिंती, मोजकं फर्निचर, लाकडी फरशी, मुलांच्या खोलीच्या खिडकीला गज. उजेड येतो तो खिडकीतून, थंडगार आणि सगळीकडे सारखा. दिव्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी रंगीत जिलेटिन लावलेले अनेक छोटे स्पॉट होते, आता एकच पांढरा फ्लड आहे. फ्लडच्या पसरट उजेडात दडण्याजोगी सावली उरत नाही. सगळं दिसतं आणि कुणाला कुठे दडता येत नाही.

बिशपला नुसतं घर स्वच्छ ठेवायचं नाही, त्याला मुलाचं मनही लख्ख करायचं आहे. अलेक्झांडरने शाळेत थाप मारलेली असते, की आईने मला सर्कशीला विकलं. त्यावरून बिशप त्याला आईसमोर उभा करून खोटं म्हणजे काय, खरं म्हणजे काय, याची शांत, गोड आवाजात उलटतपासणी घेतो. पुढे मुलगा मोलकरणीला आणखी भयंकर गोष्ट सांगतो. बिशपची पहिली बायको आणि दोन मुली बुडून मेल्या त्या त्याच्यापायीच, असं त्यांच्या भुतांनी मला सांगितलं, अशी. मोलकरीण ती बिशपच्या कानावर घालते. मग शिक्षा. छडी, एरंडेल की अंधारी कोठडी, निवड मुलानेच करायची. छड्या खाऊन झाल्यावर क्षमाही मागायची. आणि मग त्याला माळ्यावर कोंडतात. या घरात अंधारे कोपरे आहेत ते असे, शिक्षेसाठी राखलेले.

हा माणूस राक्षस म्हणून रंगवला असता तर काम सोपं होतं. यान माल्मसिओ या नटाने तो देखणा, हसतमुख, स्वतःवर गाढ विश्वास असलेला केला आहे. तो मारतो तेव्हाही आपण प्रेमच करतोय अशी त्याची खात्री असते. नंतर एका क्षणी तो एमिलीला सांगतो, की तुझ्याकडे अनेक मुखवटे आहेत, माझ्याकडे एकच, आणि तो माझ्या कातडीला डागून चिकटला आहे. तेवढ्यापुरती त्याची कीव येते. सगळ्यांच्या लपायच्या जागा हिरावून घेणाऱ्या या माणसाला स्वतःलाही लपायला कुठे जागा नाही.

इथे 'हॅम्लेट'ची तार जुळते. बाप मेला, आईने दुसरं लग्न केलं, बापाचं भूत मुलाला भेटतं. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं केलेलं मराठी रूप 'विकारविलसित' आणि गणपतराव जोशींनी रंगवलेला हॅम्लेट यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी नाटकवेड्याला ही रचना लगेच ओळखू येईल. गंमत म्हणजे एमिलीलाही ती ओळखू येते आणि ती मुलाला बजावते, की तू हॅम्लेट होऊ नकोस. ऑस्करचं पांढऱ्या कपड्यांतलं भूत मात्र शेक्सपिअरच्या भुतासारखं सूड मागत नाही. बिचारं खिन्नपणे उभं असतं. त्याला स्वतःलाच मुलांची काळजी लागली आहे आणि हातून काही होत नाही.

तिसरं घर: संदूक आणि बाहुल्या

इसाक बिशपच्या घरी येतो तो एक मोठी संदूक विकत घ्यायला. मुलं त्या संदुकीत दडतात. बिशपला संशय येतो, तो इसाकला ज्यू म्हणून शिव्या घालत मारहाण करतो. इसाक जमिनीवर बसून आकाशाकडे बघून आक्रोश करतो, पडदा क्षणभर उजेडाने भरतो, आणि बिशप धावत वर जाऊन बघतो तर मुलं त्यांच्या खोलीत जमिनीवर निपचित पडलेली. मुलं संदुकीत आहेत आणि खोलीतही आहेत. बर्गमन याचा खुलासा करत नाहीत. करायलाही नको. ज्या घरात लपणं अशक्य केलेलं होतं, तिथून लपूनच सुटका होते, हे महत्त्वाचं.

इसाकचं दुकान म्हणजे जुन्या वस्तूंचा भुलभुलय्या. तपकिरी अंधार, मध्येच उजेडाचं एखादं डबकं, छताला लोंबणाऱ्या बाहुल्या, श्वास घेतेय असं भासणारी ममी. इथे लपायला जागाच जागा आहे, आणि नेमकं इथेच अलेक्झांडरला कळतं की लपणं नेहमी सुखाचं नसतं. इसाकचा एक पुतण्या, आरोन, देवाचा भलामोठा बाहुला नाचवून त्याची बोबडी वळवतो. दुसरा पुतण्या इस्माएल धोकादायक म्हणून कुलपात ठेवलेला आहे. ही भूमिका स्टीना एकब्लाड या अभिनेत्रीने केली आहे. इस्माएल मुलाला मिठीत घेतो आणि त्याच्या मनात खोल दडलेली इच्छा बोलून दाखवतो. ती इच्छा असते बिशपच्या मरणाची. त्याच वेळी तिकडे बिशपच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या मावशीचा दिवा कलंडतो आणि घर पेटतं.

मुलाच्या इच्छेने आग लागली की अपघाताने? सिनेमा दोन्ही शक्यता शेजारी ठेवून पुढे जातो. म्हणून मला हा बालपणाविषयीचा फार प्रामाणिक सिनेमा वाटतो. कल्पनाशक्तीचे गोडवे गाणारे सिनेमे पुष्कळ आहेत. इथे तिचा हिशेबही मांडला आहे. शेवटी सगळं छान झालेलं असतं. घरात नव्याने आलेल्या दोन बाळांचं बारसं, गोल टेबल, फुलं, गुस्ताव अडॉल्फचं आनंदाने ओथंबलेलं भाषण. आणि त्या रात्री घरातून चाललेल्या अलेक्झांडरला मागून कुणीतरी ढकलून पाडतं. वर बघतो तर बिशपचं भूत, छातीवर क्रूस. आता माझ्यापासून सुटका नाही, असं ते बजावून जातं. मुलाने मनातल्या ज्या कोपऱ्यात आसरा घेतला होता, तिथेच बिशपही येऊन राहिला आहे.

दोन पाद्र्यांची घरं, दोन मुलगे

हे सगळं आलं कुठून? बर्गमन यांचा जन्म १४ जुलै १९१८ चा, उप्सालाचाच. वडील लूथरन पाद्री, शिस्तीचे कडक. आजीचं उप्सालातलं घर मात्र मुलाच्या जिवाचा विसावा होतं. 'लाटेर्ना माजिका' या १९८७ च्या आत्मकथनात त्यांनी घरातल्या शिक्षा आणि कोंडून ठेवणं यांबद्दल लिहिलंय, आणि एक गोष्ट त्याहून प्रसिद्ध आहे. नाताळात थोरल्या भावाला सिनेमा दाखवायचं छोटं यंत्र भेट मिळालं. धाकट्या इंगमारने आपले कथलाचे शंभर सैनिक देऊन ते भावाकडून मिळवलं. सिनेमातला अलेक्झांडरही नाताळच्या रात्री मॅजिक लँटर्न लावून भावंडांना घाबरवतो. म्हणजे बिशपच्या आणि आजीच्या अशा दोन्ही घरांची बीजं बर्गमन यांच्या बालपणात आहेत. फक्त सिनेमात त्यांनी सख्खा बाप प्रेमळ केला आणि कठोरपणा सावत्र बापाच्या माथी मारला. व्हेर्गेरूस हे आडनाव मात्र त्यांच्या प्रेक्षकांना नवं नव्हतं. १९५८ च्या 'द मॅजिशियन'पासून त्यांच्या सिनेमांतली थंड, कोरडी, मोजमाप करणारी माणसं हे आडनाव लावत आली होती.

कॅमेरामन स्वेन निक्विस्ट यांचीही कथा अशीच आहे. त्यांचे आईवडील काँगोत मिशनरी होते, त्यामुळे लहानपणाचा बराच काळ त्यांनी आईवडिलांविना स्वीडनमध्ये नातेवाइकांकडे काढला. १९५३ पासून त्यांनी बर्गमन यांच्याबरोबर काम केलं. 'विंटर लाइट' या चर्चमध्ये घडणाऱ्या सिनेमाआधी दोघं खऱ्या चर्चमध्ये बसून हिवाळ्याचा उजेड कसा सरकतो ते नुसतं बघत होते. ही तालीम 'फॅनी अँड अलेक्झांडर'मध्ये फळाला आलेली दिसते. बिशपच्या घरातला उजेड इतका बिनचूक आहे, की तो चित्रित करणाऱ्याने असा उजेड लहानपणी अंगावर झेलला असावा असं वाटत राहतं.

हा सिनेमा केला तेव्हा बर्गमन साठी ओलांडून गेले होते. १९७६ मध्ये करचुकवेगिरीच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांना नाटकाच्या तालमीतून उचलून नेलं होतं. आरोप टिकला नाही, पण ते मनाने खचले आणि देश सोडून म्युनिकला जाऊन राहिले. 'फॅनी अँड अलेक्झांडर' हा त्यानंतर स्वीडनला परतून केलेला सिनेमा, आणि थिएटरसाठीचा आपला हा शेवटचा चित्रपट असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या काळातला तो सर्वांत महागडा स्वीडिश सिनेमा होता. डिसेंबर १९८२ मध्ये तो प्रदर्शित झाला. १९८४ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला परभाषिक चित्रपट, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा असे चार पुरस्कार मिळाले. चारांपैकी तीन पुरस्कार डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी आहेत, आणि ते योग्यच झालं.

बघण्याआधी थोडं

या सिनेमावर घेण्यासारखे आक्षेपही आहेत. नाव 'फॅनी अँड अलेक्झांडर' असलं तरी फॅनीच्या वाट्याला संवाद फार थोडे. पण तिच्यावर नजर ठेवा. भावाला मार बसताना ती बघत असते, आणि नंतर बिशपने जवळ घ्यायचा प्रयत्न केला की अंग चोरते. भाऊ थापा मारून झुंजतो, ही न बोलता. इस्माएल आणि ममीचा भाग काहींना ओढूनताणून आणलेला वाटतो. बिशपच्या अंताला जाणारी घाई मलाही खटकते. कार्ल आणि लिडिया यांची दुखरी कथा मध्येच सुटून जाते.

मिळत असेल तर मोठी आवृत्ती घ्या. बर्गमन स्वतःही तीच खरी मानत. छोटी करण्यासाठी केलेली काटछाट त्यांना जड गेली होती. मोठी आवृत्ती टीव्हीसाठी अंकांत विभागलेली आहे, त्यामुळे एका बैठकीत संपवायची सक्ती नाही. रोज एक अंक पुरे. मोबाइलवर बघू नका. त्या मेणबत्त्यांच्या सावल्या छोट्या पडद्यावर काळ्या डागांसारख्या दिसतात. खोलीतला दिवा मालवा. मुलांविषयीचा सिनेमा आहे म्हणून लहान मुलांना शेजारी बसवू नका. छड्यांचा प्रसंग, भुतं आणि मोठ्यांच्या पलंगावरच्या भानगडी त्यांच्यासाठी नाहीत. तेरा-चौदा वर्षांपुढची मुलं घरात असतील तर मात्र त्यांना जरूर बसवा आणि नंतर त्यांचं म्हणणं ऐका.

आणि नाताळच्या त्या लांबलचक रात्री कंटाळा येऊ लागला तर सिनेमा बंद करू नका. त्या रात्री तुम्ही ज्या खोल्यांतून, पडद्यांमागून, टेबलांखालून फिरता, त्यांची किंमत बिशपच्या घरात पाऊल टाकताच कळते. कथा उशिरा सुरू होते हे खरंच आहे. सुरुवातीचा तो दीड तास या सिनेमाला सढळ हाताने द्या, पुढचे साडेतीन तास तो तुमच्याकडे काही मागणार नाही.